त्रेपन्न प्रेक्षक

२०१७ सालच्या डिसेंबरात नेटफ्लिक्स या अमेरिकन कंपनीने चारचौघांत एक विनोद केला. 'अ ख्रिसमस प्रिन्स' नावाचा एक प्रेमविनोदी चित्रपट तिने महिन्यापूर्वीच घरोघरच्या पडद्यांवर आणला होता. गेले अठरा दिवस रोज न चुकता हा चित्रपट पाहणारी त्रेपन्न माणसे आहेत, असे कंपनीने जाहीर केले आणि त्या त्रेपन्न जणांना उघड विचारले की, बाबांनो, तुम्हांला दुखावले तरी कोणी?

हे वाचून आम्ही त्या वेळी मनसोक्त हसलो. कचेरीत दुपारच्या डब्याला चार सहकाऱ्यांना ते ऐकवले आणि तेही हसले. तिकडे मात्र सगळेच हसले नाहीत. आम्ही आमच्या घरात काय पाहतो याची नोंद तुम्ही ठेवता आणि वर ती चव्हाट्यावर मांडून आमची टिंगल करता, असा जाब काही लोकांनी कंपनीला विचारला. हा आकडा एकंदर कलाचा निदर्शक आहे, कोणा ओळखता येण्याजोग्या व्यक्तीची माहिती त्यात नाही, अशा अर्थाचा खुलासा कंपनीने केला. तो वाचताना आम्हांला अगदी घरच्यासारखे वाटले. असे खुलासे लिहिण्यातच आमचे आयुष्य चालले आहे. ते नियमाला धरून असतात, खोटेही नसतात, आणि विचारणाऱ्याने जे विचारलेले असते ते त्यांत क्वचितच सापडते.

ज्या वाचकांचा या जातीच्या चित्रपटांशी परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. नाताळच्या सुमारास अमेरिकेत खास दूरचित्रवाणीसाठी तयार केलेल्या प्रेमकथांचा पूर लोटतो. या धंद्यातले ठळक नाव हॉलमार्क. जॉइस हॉल नावाचा एक तरुण १९१० साली चित्रकार्डांनी भरलेली बुटांची दोन खोकी घेऊन कॅन्सस सिटीत उतरला आणि त्यातून शुभेच्छापत्रांची ही प्रचंड पेढी उभी राहिली. २४ डिसेंबर १९५१ च्या रात्री याच पेढीच्या आश्रयाने मेनॉत्ती या संगीतकाराची 'अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स' ही संगीतिका प्रक्षेपित झाली. कुबडीच्या आधाराने चालणारा एक गरीब मुलगा, त्याची विधवा आई, आणि बालख्रिस्ताच्या शोधात निघालेले, रात्रीच्या आसऱ्याला त्यांच्या झोपडीत उतरलेले तीन राजे, अशी ती कथा. अमेरिकेत दूरचित्रवाणीसाठी मुद्दाम रचलेली ती पहिली संगीतिका. आज त्याच पेढीची वाहिनी २००९ पासून दरसाल नाताळची उलटगणती लावते, आणि अलीकडे एकेका वर्षी चाळीसच्या आसपास नवे चित्रपट दाखवते. अमालपासून इथवरच्या प्रवासाला काय म्हणावे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तो लेख आम्ही लिहिणार नाही.

कथा बहुधा एकच. महानगरातली एक कर्तबगार तरुणी काही निमित्ताने एका लहानशा गावी येते. गावात बर्फ, रोषणाई, पावाची भट्टी किंवा जुनी खाणावळ. आणि लाकूडकाम करणारा, नाहीतर नाताळची झाडे विकणारा, एखादा सालस पुरुष. तो पुष्कळदा विधुर असतो आणि त्याला एक चुणचुणीत मुलगी असते. झाड सजवले जाते, बिस्किटे भाजली जातात, गावचा उत्सव बंद पडायची वेळ येते. शेवटच्या पाव भागात एक गैरसमज होतो, तो फिटतो, बर्फ पडू लागतो आणि तोवर राखून ठेवलेले चुंबन घडते. बर्फ बहुधा कृत्रिम, कारण यांतल्या पुष्कळ चित्रपटांचे चित्रण कॅनडात ऐन उन्हाळ्यात चालते, आणि नायक-नायिका लोकरी अंगरख्यांत घामाघूम होत थंडीने कुडकुडण्याचा अभिनय करतात. नेटफ्लिक्सच्या राजपुत्राची कथाही या कुळातलीच, फक्त गावाच्या जागी आल्डोव्हिया नावाचे एक काल्पनिक राज्य. न्यूयॉर्कची एक बातमीदार तिथे बातमी काढायला जाते. राजवाड्यात तिला राजकन्येची नवी शिक्षिका समजतात. ती तो गैरसमज तसाच राहू देते आणि राजपुत्राच्या प्रेमात पडते. पुढे काय होते हे वाचकांना सांगण्याची गरज नाही, आणि आमचा विषय नेमका तोच आहे.

या चित्रपटांवर प्रेक्षक जी मते देतात ती आम्ही बरीच वाचली आहेत. चित्रपटांपेक्षा ती अधिक मनोरंजक असतात. कोणी म्हणतो, पहिल्या दहा मिनिटांत शेवट कळला. दुसरा म्हणतो, मला तो चित्रपट लावण्यापूर्वीच ठाऊक होता, म्हणून तर लावला. एक वर्ग दोष मोजण्यासाठीच बसतो: पात्रांच्या हातांतले कॉफीचे पेले रिकामे आहेत हे ते ज्या तऱ्हेने उचलले जातात त्यावरून ओळखायचे, बर्फात उभे राहून बोलताना तोंडातून वाफ का निघत नाही असे विचारायचे. हे लोक शेवटपर्यंत उठत नाहीत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आणि काही मते अशी की एकाच वाक्यात चित्रपट टाकाऊ ठरवून पुढच्या वाक्यात आपण तो चार वेळा पाहिल्याचे कबूल करतात. तर्कशास्त्राच्या परीक्षकाला ही विसंगती वाटेल. आम्हांला त्यात प्रामाणिकपणा दिसतो.

कारण इथे दोन निराळी विधाने आहेत. 'मला हे आवडले' हे एक, आणि 'हे चांगले आहे' हे दुसरे. कांटने १७९० साली आपल्या तिसऱ्या मीमांसाग्रंथात हा भेद पाडून दिला: जे केवळ रुचते त्याबद्दल आपण दुसऱ्याच्या संमतीची अपेक्षा करीत नाही, परंतु सुंदर म्हणतो तेव्हा सर्वांनी मान्य करावे असा हक्क त्या शब्दात गृहीत धरलेला असतो. पहिले विधान माणसाबद्दल, दुसरे वस्तूबद्दल. दोन्ही एकाच तोंडून निघू शकतात आणि तरी एकमेकांना छेद देत नाहीत. राजपुत्राचा हा चित्रपट सामान्य आहे. संवाद पुठ्ठ्याचे आहेत आणि राज्यही पुठ्ठ्याचेच आहे. हे आमचे मत होते आणि आजही आहे. एखाद्याला तो आवडतो म्हणून ते बदलण्याचे कारण नाही.

तथापि लोक या दोन विधानांवर थांबत नाहीत. त्यांच्यामागून एक तिसरे विधान चोरपावलांनी येते: 'तुला हे आवडते, अर्थी तुझे काहीतरी बिनसले आहे.' हे वस्तूबद्दल नाही आणि बोलणाऱ्याबद्दलही नाही. हा दुसऱ्या माणसावरचा निकाल आहे. कंपनीच्या विनोदात हेच विधान प्रश्नाचे रूप घेऊन आले होते.

बेंथॅमने सुखांची प्रतवारी नाकारली होती. सुखाची मात्रा सारखी असेल तर पोरखेळ आणि काव्य यांची किंमत सारखीच, असे तो मानी. मिल्लला हे सोसवले नाही. त्याने उच्च आणि हीन सुखे वेगळी काढली आणि दोन्ही चाखलेल्यांनी कौल द्यावा असे सुचवले. आपल्याकडे फडके-खांडेकरांच्या वादात कला कलेसाठी की जीवनासाठी यावर दोन पिढ्यांनी शाई खर्च केली, आणि त्या वादातून 'स्वप्नरंजन' हा शब्द आमच्या पिढीच्या हाती शिवीसारखा आला. महाविद्यालयात असताना आम्ही तो सढळ हाताने वापरीत असू. जे पुस्तक शेजारच्या काकू वाचतात ते स्वप्नरंजन, आणि जे आम्हांला समजत नाही ते वाङ्मय, इतकी सोपी वाटणी होती. मिल्लची कसोटी वरवर न्याय्य दिसते खरी, पण तिच्यात एक गोष्ट धरलेली नाही. दोन्ही सुखे चाखलेला माणूस कोणत्या वेळी निवड करतो आहे, त्या दिवशी त्याच्यावर काय गुदरले आहे, याला तिथे रकाना नाही.

तो रकाना आम्हांला घरातच सापडला, आणि तोही आम्ही एक चूक केल्यावर.

आमची थोरली बहीण इंदूरला असते. २०२१ च्या एप्रिलमध्ये, साथीच्या दुसऱ्या लाटेत, तिचे यजमान गेले. नऊ दिवस ते रुग्णालयात होते. आत कोणाला सोडत नसत. जे कळायचे ते दूरध्वनीवरून कळायचे. ते नऊ दिवस ताई हातात फोन धरून बसलेली होती, आणि नवव्या रात्री अडीच वाजता तो वाजला. त्या वर्षीच्या हिवाळ्यात आम्ही तिला आग्रहाने दिल्लीला आमच्याकडे आणले. दिवसा तिचे सारे व्यवस्थित चाले. यजमानांच्या कचेरीचे कागद, बँकेची प्रतिज्ञापत्रे, वारसाचे अर्ज तिने स्वतःच भरले. आम्ही, ज्यांचा हा पेशाच, फक्त स्वाक्षरीच्या जागी पेन्सिलीने फुल्या केल्या. रात्री जेवणे आटोपली की ती आतल्या खोलीत आमच्या मुलाच्या शेजारी बसे आणि तोच चित्रपट लावी. आल्डोव्हियाचा. एकदा, दोनदा, पाच वेळा. ताई इंग्रजी घेऊन पदवीधर झालेली; हार्डीच्या कादंबऱ्या तिच्याकडून घेऊन आम्ही वाचल्या. तिची अभिरुची काय आहे हे आम्हांला चांगले ठाऊक होते.

एका रात्री आम्ही दारात उभे राहून म्हणालो, "अगं, कितव्यांदा हे? तुला झालंय तरी काय?" आणि मग त्या त्रेपन्न माणसांची गोष्ट सर्वांना रंगवून सांगितली. "चौपन्नावी तू," असेही म्हणालो. मुलगा हसला. ताईही हसली. दुसऱ्या दिवसापासून तिने तो चित्रपट लावणे बंद केले.

हे आमच्या ध्यानातही आले नव्हते. आठवड्याने सौभाग्यवतींनी ते आणून दिले, ज्या शब्दांत आणून दिले ते इथे लिहीत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला पुरते ठाऊक होते, ज्या रात्री ते उत्तर घडले त्या रात्री ताईचा पहिला फोन आम्हांलाच आला होता, तोच प्रश्न आम्ही थट्टेने विचारला होता. कंपनीला निदान ती माणसे ओळखीची नव्हती.

क्षमा मागायला गेलो तेव्हा ताई मेथी निवडत होती. आमचे बोलणे तिने अर्ध्यावर थांबवले. "अरे, त्यात माफी कसली? आहेच तो सिनेमा बावळट." मग थोड्या वेळाने, जुडी सोडता सोडता म्हणाली, "पण एक आहे. त्या गोष्टीत जे वाईट व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं. त्या मुलीची आई आधीच गेलेली, राजा आधीच गेलेला. पुढचा दीड तास कुणाला काही होत नाही. मला तेवढं पुरतं."

यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. ताईने जे सांगितले ते या चित्रपटांवर वाचलेल्या कोणत्याही टीकेपेक्षा अधिक अचूक होते. मृत्यू या कथांत जवळजवळ नेहमी असतो: नायकाची पत्नी, नायिकेची आई, गाव सांभाळणारे आजोबा. पण तो पडदा उघडण्यापूर्वीचा असतो. म्हणजे या कथा दुःख नाकारीत नाहीत. त्याला भूतकाळात घट्ट बसवतात आणि दीड तास त्याला तिथून उठू देत नाहीत. रामलीला पाहायला बसलेल्या माणसालाही शेवट ठाऊक असतो, आणि त्याला कोणी विचारीत नाही की दरसाल तेच काय पाहतोस. अर्थात ही तुलना फार ताणू नये. रामलीलेत वनवास डोळ्यांदेखत घडतो, सीता डोळ्यांदेखत हरली जाते. इथे वनवास झालेला असतो आणि फक्त परतण्याची वाट उरलेली असते. कला म्हणून हे फार थोडे आहे. परंतु ज्याचा वनवास अजून चालू आहे त्याला हे थोडे का हवेसे वाटते, हे कळायला सौंदर्यशास्त्र लागत नाही.

मग हे असत्य आहे काय? असत्याला विश्वास ठेवणारा लागतो. आल्डोव्हिया नकाशावर नाही हे ताईला माहीत होते. बर्फ खोटा असतो हे मुलाला तिनेच समजावून सांगितले होते. शुभेच्छापत्रावरची ओळ हजारो प्रतींत छापलेली आहे हे पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते, तरी ती पोचते. हे चित्रपट एका शुभेच्छापत्रांच्या पेढीने नावारूपाला आणावेत यात आम्हांला काही नवल वाटत नाही.

इथे लेख संपवता आला असता. ज्याला जे आवडते ते आवडो, असे म्हणून मोकळे व्हावेसे आम्हांलाही वाटले. पण २०१९ चे प्रकरण मध्ये येते. त्या डिसेंबरात हॉलमार्कच्या वाहिनीवर लग्नसमारंभाची व्यवस्था करणाऱ्या एका कंपनीच्या जाहिराती लागत होत्या; त्यांतल्या काहींत दोन वधू परस्परांशी विवाह करताना आणि चुंबन घेताना दिसत. एका सनातनी संघटनेने हरकत घेतली. वाहिनीने त्या जाहिराती काढल्या. त्यावर दुसऱ्या बाजूने गदारोळ उठला, आणि थोड्याच दिवसांत वाहिनीने माफी मागून निर्णय फिरवला. पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, तिच्या 'द ख्रिसमस हाउस' या चित्रपटात मूल दत्तक घेऊ पाहणारे दोन पुरुषांचे जोडपे मध्यवर्ती पात्रांत आले. काही प्रेक्षक दुखावून निघून गेले, काही प्रथमच आले.

हरकत घेणाऱ्यांचे म्हणणे काय होते? आम्ही इथे दीड तास शांतीसाठी येतो. इथे काही घडू नये एवढेच आमचे मागणे आहे. म्हणजे जवळजवळ ताईचेच वाक्य. ते वाचून आम्ही अस्वस्थ झालो. आसरा म्हणून ज्या गावाची बाजू आम्ही आताच घेतली, त्या गावाला वेस आहे आणि वेशीवर कोणीतरी उभे आहे. अनेक वर्षे त्या पडद्यावरच्या गावांत बहुतेक चेहरे गोरेच असत, हे तिथल्याच प्रेक्षकांनी वारंवार दाखवून दिले होते. ज्यांची आई गेली आहे, ज्यांना दीड तास हवा आहे, अशी माणसे गोऱ्यांतच असतात असे थोडेच आहे?

आमचा कौल असा की इथे तिसऱ्या विधानाला जागा आहे. ताईच्या आवडीने कोणाचे आसन हिरावले जात नव्हते. हरकत घेणाऱ्यांच्या आवडीत दुसऱ्याची अनुपस्थिती ही अट म्हणून घातलेली होती. आगगाडीच्या डब्यात डोळे मिटून बसलेल्या प्रवाशाला उठवू नये हे खरे. पण त्याने बाकावर आडवे होऊन उभ्या असलेल्यांना जागा नाकारली तर त्याच्या झोपेबद्दल बोलावेच लागते. सीमा नेहमी इतकी स्पष्ट असते असे नाही. आमचे एक मिझो सहकारी आहेत, नेमाने चर्चला जाणारे. ते म्हणतात, "तुमच्या या चित्रपटांत झाड आहे, बिस्किटे आहेत, दिवे आहेत, ज्याचा वाढदिवस आहे तो कुठे आहे?" त्यांच्या सणातून त्यांचा देव हलकेच बाजूला सारला गेला आहे. या बाबतीत कोणी कोणाचे आसन घेतले, याचे उत्तर आम्हांला अजून देता आलेले नाही. ते स्वतः मात्र या चित्रपटांच्या प्रेक्षकांना हसत नाहीत. पाहत नाहीत, एवढेच.

त्या त्रेपन्न जणांकडे आम्ही अधूनमधून परत येतो. आमच्या कचेरीतल्या आवक नोंदवहीतही असे आकडे असतात: एकाच व्यक्तीचे सहावे स्मरणपत्र, अकरावे स्मरणपत्र. नवा माणूस ते पाहून हसतो. आम्हीही हसत असू. आता एखादे अकरावे पत्र आले की ते आम्ही पहिल्या पानापासून वाचतो. दर वेळी त्यात नवे काही निघते असे नाही. त्या त्रेपन्नांत एखादे लहान मूल असेल, ज्याला रोज तीच गोष्ट हवी असते. एखाद्या दुकानात तो चित्रपट नुसता चालू राहिला असेल. कोणी रुग्णाच्या उशाशी बसलेले असेल. आणि कोणी निव्वळ हौसेने पाहत असेल, ज्याला कोणीही दुखावलेले नाही. त्यालाही तो हक्क आहे, दुःखाचा दाखला जोडल्याखेरीज.

त्या वर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री आम्हीच तो चित्रपट लावला. ताई म्हणाली, "तुला आवडत नाही ना?"

"नाही आवडत."

"मग बस."

आम्ही बसलो. मुलगा मध्येच झोपला. सौभाग्यवती वाटीत शेंगदाणे घेऊन आल्या. दिवंगत राजाने ओकच्या फळाच्या आकाराचा एक शोभेचा दागिना करून ठेवलेला असतो आणि राज्याचा सगळा तंटा शेवटी त्याच्यापाशी येऊन ठेपतो. ते दृश्य जवळ आले तेव्हा बाहेरच्या खोलीत फोन वाजू लागला. ताईने मान वळवून दाराकडे पाहिले. आम्ही उठू लागलो तर तिने हाताने बसवले. "शुभेच्छा द्यायला असेल कुणी. करतील परत," ती म्हणाली. "हे बघ, आता त्यात कागद सापडेल."

कागद सापडला.